काठावरची हाक

"मरे, हाईस का गं?"

विहिरीच्या तळातून बापाची हाक यायची. काठावर पालथी पडलेली लहानगी मरियम छातीखालचा मुरूम मुठीत धरून ओरडायची, "हाय बा, हाय." मग खालून यायचं, "घे वर." तोवर दोर तसूभर हलायचा नाही. खालच्यानं हाक द्यायची, काठावरच्यानं ओ द्यायची, खालची हाक यारीवाल्याच्या कानी घालायची, आणि मगच त्यानं यारीला हात लावायचा. यारी म्हणजे काठावर रोवलेली लोखंडी सोंड. टोकाला दोर, दोराला डबा. डब्यातून माणूस खाली जातो, डब्यातून दगड वर येतो. वरच्याचं ध्यान चुकलं तर तोच दगड माणसावर जातो. हे बापानं तिला कधी बसवून शिकवलं नाही. दगड फोडता फोडता तळातून गायचा, तेवढंच:

खाली उतरला बाप, वर राहिला आवाज
काठावरच्या गं लेकी, राख कानाची तू लाज

बाप कधीच मातीआड झाला. हाक मात्र मरियमच्या कानातून गेली नाही. पन्नाशी उलटली तरी ती काठावरच उभी असायची. आता खाली तिचा नवरा दानीएल उतरायचा, आणि यारीवर शेजारच्या मुबारकबीचा काशिफ असायचा. यारीला इंजिन आलं होतं, धडधड वाढली होती, म्हणून मरियमचा आवाजही वाढला होता. आणखी एक गोष्ट वाढली होती. मोबाईल.

तिला त्याचा मनापासून तिटकारा. दगडाचा डबा रिकामा करणारी केशरबाई दोन डब्यांच्या मधल्या वेळात कमरेचा मोबाईल काढून रील बघत बसायची.

"केशरे, हातात दगुड हाय ते तरी बघ."

"रील हसवती तरी, मरियम. दगुड कवा हसवतोय?" केशरबाई म्हणायची, आणि खुशाल पुढची रील लावायची.

मग गेल्या आठवड्यात, सोनईच्या शिवारातल्या विहिरीवर, ते झालं. ऊन कललं होतं. भरलेला डबा अर्ध्यात आला होता. काशिफच्या खिशात मोबाईल वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं एका हातानं काढला आणि इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. तेवढ्यात डब्यातला वरचा धोंडा कडेला सरकला. खालून दानीएल ओरडला, "थांब!" मरियमनं तीच हाक जशीच्या तशी काशिफकडे फेकली. काशिफनं मान वळवली, पण ती मोबाईलकडे. ब्रेकचा दांडा हातातून निसटला आणि डबा गेला.

दानीएल जिवानिशी वाचला. नगरच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला.

त्याला विहिरीतून वर घेतलं तेव्हा काशिफनं त्याच्या पायाकडे एकदाच पाहिलं आणि हातातला मोबाईल दगडावर आपटला. पुन्हा आपटला. चुरा होईपर्यंत आपटत राहिला. त्या चुऱ्यानंच त्याचा घात केला. विहिरीचं काम घेतलेला ठेकेदार, गहिनीनाथ शेठ, ज्याला त्याला सांगत सुटला, "पोरगं रील बघत हुतं. उघडं पडू नये म्हनून मोबाईल फोडला." काशिफ सांगत राहिला, फोन शेठचाच आला होता. "माझा? मी त्या टायमाला नेवाशाला बँकेत हुतो," शेठ म्हणाला. कुणाचं खरं मानणार? रील बघणारी पोरं सगळ्यांनीच पाहिलेली. सोनईपासून घोडेगावपर्यंत एकही टोळी काशिफला यारीवर बसवायला तयार होईना. पोराच्या नावाला 'पायतोड्या' अशी शेपूट लागली.

मुबारकबी मरियमच्या दारात आली. नेहमी ती चुलीपर्यंत यायची, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच बसली.

"तुझ्या मालकाचा पाय गेला, मी तोंड दाखवू नये," ती म्हणाली. "पर तू काठावर हुतीस. येकच सांग. माझं पोरगं रील बघत हुतं का?"

मरियम तवा घासत होती. तशीच घासत राहिली.

"इंजिनाचा आवाज हुता, बी. मला काय ऐकू आलं न्हाई."

मुबारकबी पदर सावरून उठली आणि निघून गेली. जिच्या कानाच्या भरवशावर माणसं पाताळात उतरत होती, तिनं ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं होतं. आणि ऐकलं तर तिनं होतं, शब्द न् शब्द.

दवाखान्यात दानीएलनं तिचं मनगट धरलं होतं. "गप ऱ्हा. दवाखाना शेठ बघतोय. आपल्या पोराला, डॅनीला काम बी त्याच्याकडंच हाय. आपुन तोंड उघडलं तर ह्या भागात आपल्याला कोन विहिरीवर उभं करंल?" हे खरं होतं. पण तिच्या मनात त्याहून खोल आणखी एक गोष्ट होती. काशिफवर तिचा राग होता. फोन कुणाचाही असो, उचलला त्यानं होता. हा राग तिनं दुसऱ्या रागावर झाकणासारखा घालून ठेवला होता, आणि खालचा राग भिजत घातलेल्या चुन्यासारखा रात्रंदिवस फसफसत होता.

आज त्याच विहिरीवर काम पुन्हा सुरू व्हायचं होतं. बापाच्या जागी डॅनी, मरियमचा मुलगा, खाली उतरणार होता. त्यानं बापाचंच पिवळं हेल्मेट घातलं होतं. यारीवर शेठचा भाचा बसणार होता. काशिफ बांधावर उभा होता. यारीपाशी राहिलेले आपले नट आवळायचे पाने न्यायला आला होता तो, पण पुढं यायचं त्याला धाडस होईना.

शेठ जीपमधून उतरला. हातात सिमेंटची रिकामी गोणी. ती त्यानं बाभळीच्या फांदीला बांधली.

"आजपास्नं कामावर मोबाईल बंद," तो म्हणाला. "सगळ्यांनी हिच्यात टाकायचे, संध्याकाळी न्यायचे. येकाच्या नादानं दानीएलचा पाय गेला. आनखी कुनाचा जायला नको." कुणाच्या नादानं, हे कळावं म्हणून त्यानं बांधाकडे हनुवटी उडवली. काशिफनं मान खाली घातली.

मरियमनं आपला जुना मोबाईल सगळ्यात आधी गोणीत टाकला. "हे आधीच करायचं हुतं," ती म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटत होतं.

"माझ्यात चार्जिंगच न्हाई, शेठ," केशरबाई म्हणाली. "मेलेल्याला कशाला गोनीत कोंबताय?"

"मेलेला बी टाक. तुझा रातीतनं जित्ता हुतोय."

माणसं हसली. मोबाईल एकावर एक पडत गेले. डॅनीनं आपला टाकला, कमरेचा दोर आवळला आणि डब्यात पाय ठेवला. भाचाही आपला मोबाईल घेऊन गोणीपाशी आला. शेठनं त्याचा हात अडवला.

"तू ऱ्हाऊ दे रं जवळ. यारीवाल्याचा चालू पायजे. मी नेवाशाला असलो तर कुठवर आलं, ते कुनाला इचारू?"

भाच्यानं मोबाईल वरच्या खिशात टाकला, यारीवर जाऊन बसला आणि इंजिन चालू केलं.

मरियमनं त्या खिशाकडे पाहिलं. मग डब्यात उभ्या असलेल्या आपल्या पोराच्या पायांकडे पाहिलं. दोन होते. तिनं पुढं होऊन दोर धरला.

"डॅनी, भाईर ये."

"काय झालं, आये?"

"भाईर ये म्हनते ना. आन् तू, ते इंजिन बंद कर आधी."

भाच्यानं शेठकडे पाहिलं. शेठनं मान हलवली नाही, तरी मरियमच्या आवाजातच असं काही होतं की त्यानं इंजिन बंद केलं. शिवार एकदम मोकळं झालं. डॅनी डब्यातून उतरून तिच्याजवळ उभा राहिला.

"मरियमबाई, उशीर हुतोय," शेठ म्हणाला.

"गोनी चांगली आनली, शेठ. तिच्यात तुमचा मोबाईल कुठंय?"

"माझा?" शेठ हसला. "मी काय यारीवर बसतोय व्हय?"

"त्या दिवशी बसला हुता."

शेठचं हसू तोंडातच राहिलं. तो दोन पावलं जवळ आला आणि हळू आवाजात बोलला, "दवाखाना कोन बघतंय, त्याचा इसर पडला का काय? नवरा अजून खाटंवर हाय तुझा."

"न्हाई पडला. खाटंवर कशानं गेला, त्याचा बी न्हाई पडला."

"मावशी, जाऊ दे," बांधावरून काशिफ म्हणाला.

"तू गप," ती त्याच्यावर कडाडली. "तुझ्यावर बी राग हाय माझा. खाली मानूस असताना देवाचा फोन आला तरी उचलायचा न्हाई. ते तुझं तू निस्तर. पर जे तुझं न्हाई, ते तुझ्या डोक्यावर ऱ्हानार न्हाई."

केशरबाईच्या हातातलं घमेलं खाली टेकलं. मरियम काठावर गेली, रोज उभी राहायची तिथंच पाय रोवून उभी राहिली, आणि बापाला ओ द्यायची तो सगळा आवाज तिनं काढला. विहिरीनं तो घेतला आणि सगळ्यांच्या अंगावर परत टाकला.

"त्या दिवशी स्पीकरवर शेठ हुतं. काशिफ म्हनला, 'डबा लटकतोय, शेठ, मागनं करतो.' शेठ म्हनलं, 'फोन ठेवलास तर उद्यापास्नं यारीवर बसू नकंस.' त्याच वक्ताला माझा दानीएल खालनं 'थांब' म्हनला. मी दोन्ही ऐकलं. आन् मुबारकबीला सांगितलं, मला ऐकू आलं न्हाई."