महांतेशने गप्प केलेला आवाज

मी एक जुना डबा आहे. दिसायला रेडिओएवढा, पण एके काळी विमानात बसून भरपूर आरडाओरडा करणारा. मित्रांनो, विमान डोंगराच्या, टॉवरच्या किंवा जमिनीच्या फार जवळ जाऊ लागलं की वैमानिकाला सावध करायचं, हे माझं काम. आता मी सोनपेठच्या एका घरात, भिंतीतल्या देवळीत बसून असतो.

कारखान्यात माझ्या पोटात डोंगरदऱ्यांचा आणि उंच मनोऱ्यांचा नकाशा भरला गेला. आपण कुठे आहोत हे मला उपग्रह सांगत आणि पुढची वाट मी त्या नकाशाशी ताडून पाही. धोका लांब असला तर पिवळा दिवा. जवळ आला की लाल दिवा आणि 'पुल अप! पुल अप!' अशी हाक, म्हणजे विमान वर घ्या. एकदा धुक्यात मी असाच जीव तोडून ओरडलो आणि समोरची टेकडी टळली. आमच्या वैमानिकाने, महांतेशने, मला थोपटलं. "वाचवलंस रं बाबा," तो म्हणाला. त्या एका थापेवर मी कितीतरी दिवस खूश होतो.

महांतेश सोनपेठचाच. नांदेडहून रिकामं विमान घेऊन निघाला की तो वाट जरा वाकडी करी आणि आपल्या घरावरून अगदी खालून जाई. त्याच्या आई, उमादेवी, घरावरच्या माळवदावर उभ्या राहून पदर हलवत. मला कुठलं राहवतंय? मी ओरडू लागे. "गप की! आमचंच गाव हाय, मला काय शिकवायलास?" असं म्हणून तो माझा आवाज बंद करी. पुढे पुढे तर गावाजवळची गोदावरी दिसली की मी ओरडण्याआधीच त्याचं बोट बटणावर जाई. टेकडीपाशी मी शहाणा आणि गावापाशी कटकट्या! मला फार वाईट वाटे.

एके सकाळी निघण्यापूर्वी उमादेवींचा फोन आला. "घरामागं टावर झालाय रं. आता फोनसाठी माळवदावर चढायची गरज न्हाई."

"लय चांगलं झालं, माय. पण आज चढ, मी यायलोय," तो हसत म्हणाला.

तो टॉवर नव्या नकाशाबरोबर माझ्या पोटात आला होता. मला तो दिसला. पण माझा आवाज नदीपाशीच बंद झाला होता. मी लाल दिवा लावला. महांतेश दिव्याकडे नाही, पदराकडे बघत होता. पंख टॉवरला लागला. विमान शेजारच्या तुरीत कोसळलं आणि महांतेश गेला. उमादेवींनी ते माळवदावरून पाहिलं.

चौकशी संपल्यावर त्याच्या सामानाबरोबर मीही या घरी आलो. माझं काम काय, हे आणणाऱ्यांनी उमादेवींना सांगितलं होतं. त्या रोज त्याच्या फोटोला विभूती लावतात, मग माझ्यावरची धूळ पुसतात आणि विचारतात, "तुला वरडायला काय झालतं रं?"

माझं काळीज फाटतं. पण मला आता वीजही नाही, बोलणार कसा?

मित्रांनो, ओळखीच्या वाटेवर कुणी सावध केलं, तर त्याला गप्प करू नका. वाट ओळखीची आहे म्हणून ती आपल्याला सांभाळून घेत नाही.

कधी वाटतं, मला वाचा नाही तेच बरं. बोललो असतो, तर त्या माउलीला कळलं असतं की तिला डोळे भरून बघता यावं म्हणूनच त्याने मला गप्प केलं होतं. त्यापेक्षा तिने मलाच दोष द्यावा.