धाकट्याची चूल

"घर नावावर करताना मी नातू होतो. आता आपाला सांभाळायची वेळ आली तर लगेच धाकटा मुलगा झालो का?"

मी असं बोललो आणि मेदेर बाइकेचा नानचा तुकडा चहात बुडता बुडता थांबला. बाइके म्हणजे मोठा भाऊ. तसा तो माझा काका. पण आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मी चाळीस दिवसांचा होतो तेव्हा माझ्या बापानं, जिर्गालनं, मला उचलून त्याच्या आईच्या मांडीवर ठेवलं. पहिलं पोर आजी-आजोबांचं, आमच्याकडे असंच चालतं. तेव्हापासून आजी माझी आपा, म्हणजे आई. आणि बाप माझा बाइके. अख्ख्या अत-बाशी गावाला ठाऊक आहे. बोलायचं नसतं, एवढंच.

"तोंड सांभाळ, तिलेक," मेदेर म्हणाला.

"गाई मी सांभाळायच्या, आपाला मी सांभाळायचं, आता तोंडपण का?"

"नाहीतरी करतोस काय दिवसभर?" त्याची बायको नूरझात चहा ओतता ओतता म्हणाली. "शाळा सोडलीस. बाजारात हातगाडी ओढायला लागलास, तिथेही मारामारी केलीस."

त्यावर बोलण्यासारखं होतं, पण तेव्हा वेळ नव्हता. माझी बॅग दाराशी तयार होती. दुपारची मिनीबस मला बिश्केकला नेणार होती. माझा दोस्त उलान तिथे शिलाईच्या कारखान्यात आहे, इस्त्रीवर मला घेतो म्हणालाय. आणि सकाळी सकाळी मेदेरनं सांगून टाकलं, की तो आणि नूरझात रविवारी रशियाला चाललेत. म्हणजे आपाजवळ मी राहायचं. लग्न झालं की मोठे वेगळे होतात, धाकटा आईबापाजवळ राहतो आणि घर त्याचं होतं, हा रिवाज. घर मिळालं तेव्हा धाकटा मेदेर होता. आता राहायची पाळी आली तर धाकटा मी.

म्हणून जिर्गालला बोलावलं होतं. थोरला सांगेल ते खरं. तो दारासमोरच्या मानाच्या जागी बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याच्या घरी तीन पोरं आहेत, ती त्याला बाबा म्हणतात.

"तुम्हीच सांगा, बाइके," मी म्हणालो. "मी कोण?"

आपा चुलीपाशी पाठ करून बसली होती. राख ओढत होती, ती थांबली.

एक शब्द बोलायचा होता त्याला. माझा पोरगा आहे, एवढं म्हणाला असता तरी मी सुटलो असतो. थोरल्याचा थोरला, मला कोण बांधून ठेवणार? त्यानं टोपीवरचा धागा काढला. मग दुसरा काढला. माझ्याकडे बघितलंच नाही.

"हातात दिलेलं पोर परत मागत नाहीत," तो म्हणाला. "तू आपाचा धाकटा आहेस."

"झालं," मेदेर म्हणाला आणि नान तोंडात टाकला.

मी पेला आदळला. फुटला नाही मेला. चहा सगळा जाजमावर.

"आता हेही मीच पुसायचं," नूरझात म्हणाली.

आपा उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रडायला गेली, आणि माझीच मला लाज वाटायला लागली. बाहेर आली तेव्हा अंगात हिवाळ्याचा कोट, डोक्याला धुतलेला रुमाल, काखेत अंथरुणाची गुंडाळी.

"थोरल्यानं निकाल दिला. मला मान्य आहे," ती म्हणाली. "तिलेक धाकटा. मी धाकट्याजवळ राहणार. गाडी किती वाजता आहे रे?"

मेदेर हसला. मग हसायचा थांबला. "आपा, धाकटा घरात राहतो."

"घर तुझं आहे, बाळा. त्याची चूल जिथे पेटेल तिथे मी." तिनं किल्ली त्याच्यापुढे नानवर ठेवली. "लाल गाय लाथ मारते. नूरझात, धार काढताना आधी पाय बांध."

"आम्ही रविवारी चाललोय," नूरझात म्हणाली.

"मग शनिवारपर्यंत काढ."

"लोक काय म्हणतील?" जिर्गाल उभाच राहिला.

"म्हणतील, दोन कर्ते मुलगे असून म्हातारी इस्त्रीवाल्याबरोबर गेली."

दाराबाहेर मी तिचा कोट धरला. "आपा, आम्ही चार पोरं एका खोलीत झोपणार आहोत."

"पाचवी मी. अंथरूण माझं घेतलंय."

"खरंच येतेयस, की यांना घाबरवतेयस?"

"बॅग उचल," ती म्हणाली.

आता ती ड्रायव्हरशेजारी बसलीय, गुंडाळी मांडीवर घेऊन, समोर बघत. मेदेर फाटकात उभा आहे, किल्ली हातात तशीच. जिर्गाल बिनटोपीचा धावत आलाय आणि गाडीचं दार धरून ठेवलंय.

"उतरव तिला. तुझं ऐकेल."

"मी धाकटा, बाइके. धाकट्याचं कोण ऐकतं?"

त्याचं तोंड उघडं राहिलंय. काहीतरी म्हणणार आहे. ड्रायव्हर ओरडतोय, दार लाव. मला निघायला हवं आता.