चौदा शेळ्यांचं औषध

या बाबांनो, असे मृदंगाच्या जवळ सरका. कीर्तनाला अवकाश आहे, तोवर झरीच्या सटवाजी धनगराची गोष्ट सांगतो. सत्तावन सालची.

"एकट्या कबरीलाच द्यायलीस व्हय? बाकीच्या काय सवतीच्या हायेत?" सटवाजीनं बायकोच्या हातातली मलमाची नळी घेतली.

कबरी शेळीची कास सुजली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी पाच नळ्या दिल्या होत्या : रोज एक, सडात, फक्त तिलाच. पण सटवाजीनं जन्मभर देवळात काला वाटलेला. एकाला मूठभर अन् दुसऱ्याला काहीच नाही, हे त्याला कसं रुचावं?

"अवो, डाक्टर रागवतील," कासाबाई म्हणाली.

"डाक्टर कुठं काल्याला येतंय!"

चौदाही शेळ्यांना थोडं थोडं मलम मिळालं. कबरीची सूज उतरली. पंधरवड्यानं सूज परतली, आणखी तिघींच्या कासेला धरून. धारा कासाबाई काढी. तिच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता, तरी काढत राहिली. अंगठा सुजला, मग मनगट, मग ताप चढला.

परभणीच्या डॉक्टरांनी चार दिवस सुया दिल्या. उतार नाही. त्यांनी शेळ्यांची सगळी हकिकत विचारून घेतली.

"बाबा, त्या नळीत हेच औषध होतं, पेनिसिलिन. थोडं थोडं दिल्यानं जंतू मेले नाहीत, सरावले. धार काढताना तेच हिच्या जखमेत शिरले असणार. आता माझ्या सुईला दाद देत नाहीत. दुसरं औषध हैदराबादेहून मागवलंय."

"म्या तर समद्यायला सारखंच दिलं हो," सटवाजी पुटपुटला.

कासाबाईनं डोळे उघडले. "माझाच वाटा राह्यला व्हता. त्यो बी मिळाला." तापातही ती हसली. नवरा मात्र भिंतीकडे तोंड करून बसला.

औषध आलं, पण ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

शेळ्या सटवाजीच्या हाताला पान्हा सोडीनात. मग तो साबणानं हात धुई, कासाबाईचं जुनं लुगडं डोक्यावरून घेई, पदर पुढं ओढी आणि एकेकीपाशी बसे. शेळ्या वास घेत, उभ्या राहत. मिशाळ म्हातारा लुगड्यात. पण झरीत त्याला कुणी हसलं नाही.

पुढं अकरा वर्षं त्यानं अशाच धारा काढल्या.

आता टाळ घ्या. पहिला गजर विठ्ठलाचा. पण त्याआधी मनातल्या मनात एकदा कासाबाईचं नाव घ्या. तिला लेकरूबाळ नव्हतं.