तेरा मिलिमीटर

चिठ्ठीवर छापलेल्या वजनावर सेरैनाचा विश्वास नव्हता. तिने पिशवीतून प्रयोगशाळेतला काटा काढला, दुकानातल्या बाकावर ठेवला, त्याच्यावरचा पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध येईपर्यंत एका पायाखाली कागदाची घडी सारली आणि मगच पहिली स्की त्यावर आडवी ठेवली.

"सातशे अठ्ठ्याहत्तर."

"चिठ्ठीवर सातशे साठ आहे," बार्बा याखेन म्हणाले.

"म्हणजे चिठ्ठी अठरा ग्रॅम खोटं बोलते."

"लग्न जमवताना लोक अठरा किलो खोटं बोलतात, आणि ही बाई अठरा ग्रॅम धरून बसलीय," शेगडीजवळून ब्राइदा म्हणाली.

ब्राइदा खोऱ्यातली पिवळी बस चालवायची. पुढच्या फेरीला वीस मिनिटं होती आणि ती मिनिटं ती रोज इथेच, हात शेकत काढायची. याखेनना सगळं गाव बार्बा, म्हणजे काका, म्हणे. सत्तरी उलटली होती, आणि गेली पंचेचाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक स्कीवर बूट अडकवायचं बाइंडिंग त्यांच्याच हाताने बसत आलं होतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. खाली इन नदीकाठी गवत हिरवं झालं होतं, पण वर, दोन हजार मीटरच्या पुढे, बर्फ अजून माणूसभर होता. शनिवारी गावातल्या स्की क्लबची वसंतातली चढाई होती. गेली अकरा वर्षं तिच्यावर सगळ्यांना सेरैनाचा भाऊ कुर्दिन न्यायचा. या वर्षी क्लबवाले सेरैनाकडे आले, म्हणाले, वाट तुलाच माहीत आहे. ती हो म्हणाली. जानेवारीपासून ती सगळ्यालाच हो म्हणत होती. सूप घेशील का, हो. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसशील का, हो. हो म्हटलं की माणसं लवकर जातात, हे तिच्या लक्षात आलं होतं.

कुर्दिन नऊ जानेवारीला गेला. वन कार्यालयात, खुर्चीवर बसल्या बसल्या, डोक्यातली शीर फुटून. चौतीस वर्षांचा होता. बाहेरगावची माणसं भेटायला आली की आवाज खाली आणून विचारायची, "हिमकडा कोसळला का?" सेरैना सांगायची, "नाही, खुर्चीवर." मग ती माणसं कोटाची बटणं लावू लागायची. सेरैना रडली नव्हती. रडू आवरलं होतं असंही नाही. आवरायला काही आलंच नव्हतं.

"हिला ठेव बाजूला," बार्बा म्हणाले. "ही शर्यतीची. पासष्ट मिलिमीटर रुंद. सुरी आहे नुसती. चढताना पंख लागल्यासारखं वाटेल, आणि उतरताना तुझे दात वाजतील."

"उतरताना गुडघे कुठे गेले ते शोधावं लागेल," ब्राइदा म्हणाली.

सेरैनाने ती बाजूला ठेवली. तिच्या घरी होती त्या जोडीतली एकेक स्की एक किलो आठशे पन्नास ग्रॅमची, जानेवारीच्या भुसभुशीत बर्फावर तरंगायला घेतलेली, फळीसारखी रुंद. गेल्या वर्षी ती त्या जोडीवर कुर्दिनच्या चाळीस मिनिटं मागून खिंडीत पोचली होती. तो दगडावर बसून अक्रोडाची वडी खात होता. या वर्षी तिच्या मागे सहा माणसं असणार होती. खिंडीपलीकडचा उतार पूर्वेकडे तोंड करून. रात्री गोठून काचेसारखा झालेला बर्फ नऊच्या सुमाराला वरून दोन बोटं मऊ होतो. तो एक-दीड तास उतरायचा. साडेदहानंतर त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि कधी अख्खा उतारच खाली चालू लागतो. म्हणजे पुढे चालणाऱ्याने उशीर केला की मागच्या सहांचाही उशीर. म्हणून हलकी स्की हवी होती. यात भावनेचा काही प्रश्न नव्हता.

दुसरी जोडी. "बाराशे बेचाळीस. रुंदी ब्याण्णव."

"चांगली आहे," बार्बा म्हणाले. "सगळ्यांना चालते."

"सकाळच्या कडक बर्फावर आडवं जाताना कड पायापासून लांब पडेल. घोटा पिळवटेल."

"मग नको."

"बार्बा, आणखी काय आहे?"

बार्बांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. दुकानात आणखी काय आहे ते तिघांनाही माहीत होतं. शेगडीच्या मागे भिंतीला टेकून एक लांबट खोका उभा होता. कुर्दिनने डिसेंबरात मागवलेली स्की, अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी आलेली. खोक्यावर त्याचं नाव होतं. तीन महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता. ब्राइदासुद्धा ओला कोट त्यावर टाकत नसे.

"ती दिलेली आहे," बार्बा म्हणाले.

"कुणाला?"

ब्राइदाने घड्याळ पाहिलं, "माझी बस मी नसताना सुटायला लागली तर पंचाईत होईल," म्हणाली आणि दार ओढून गेली.

सेरैनाने खोका उघडला. करडी स्की, मेणाचा वास, कुठे ओरखडा नाही. तिने दोन्ही वेगवेगळ्या तोलल्या. एक हजार एकसष्ट, एक हजार अठ्ठावन्न. रुंदी ब्याऐंशी. लांबी एकशे एकाहत्तर, तिच्या उंचीहून तीनच सेंटिमीटर जास्त. वसंतातल्या बर्फासाठी कागदावर मांडून निवडली असती तर तिने हीच निवडली असती. कुर्दिननेही कागदावर मांडूनच निवडली असणार. दोघं भावंडं त्या बाबतीत सारखी होती.

पण या स्कीला भोक नव्हतं. बाइंडिंग बसवायचं तर भोकं पाडावी लागतात, बुटाच्या तळाची लांबी मोजून, आणि पाडलेलं भोक परत जात नाही. बुजवता येतं, पण दिसतं. आईने आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, "ती स्की आहे तशी परत पाठव. नाहीतर आहे तशी घरी आण. भोक पाडू नकोस." तेव्हाही सेरैना हो म्हणाली होती.

"हीच," ती आता म्हणाली.

"आईला विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

बार्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्की शिकंज्यात आवळली.

बाकावरच्या जाड तुळईवर गावाचे आकडे होते. नाव आणि बुटाच्या तळाची लांबी, पेन्सिलने, मिलिमीटरमध्ये. पोरांची उंची लोक दाराच्या चौकटीवर लिहितात, तसे इथे पाय लिहिलेले. कुणी नवे बूट घेतले की जुन्या आकड्यावर रेघ आणि शेजारी नवा आकडा. मेलेल्यांचे आकडे बार्बा खोडत नसत. म्हणायचे, त्यांनी कुठे बूट बदललेत? खरं तर त्यांना तुळईकडे बघायची गरजच पडत नसे. तीनशे माणसांचे तळवे त्यांना तोंडपाठ होते, आणि गावात त्यांना बूट आणून दाखवणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेण्यासारखं होतं. म्हणून सेरैनानेही बूट आणले नव्हते. तिचा आकडा दोनशे एकोणऐंशी. कुर्दिनचा तीनशे पाच.

बार्बांनी स्कीच्या मध्यखुणेवर लोखंडी साचा बसवला. हात चालू झाले तसं तोंडही चालू झालं.

"त्याला म्हटलं होतं मी, एवढी हलकी कशाला, वजन कमी करायचंय तर तुझं पोट कमी कर. तर म्हणतो कसा, बार्बा, पोट माझ्याबरोबर चढतं, स्की मला ओढावी लागते." ते हसले. हसता हसता अंगठ्याने साच्याची पट्टी सरकवली आणि खिट्टी दाबली.

पट्टी तीनशे पाचवर थांबली होती.

सेरैनाला आकडा दिसला. ती दीड हातावर, स्टुलावर बसली होती आणि तिला आकडे आपोआप दिसायचे. खाली श्कुओल गावातल्या औषधी झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहात ती दिवसभर झऱ्यांच्या पाण्यातलं लोह आणि मीठ मोजायची, तेच तिचं काम होतं. बार्बांनी चूक केली होती. कुर्दिनची स्की म्हटल्यावर हातांनी कुर्दिनचा आकडा लावला होता. आता फक्त 'बार्बा' म्हणायचं होतं.

ती बोलली नाही.

गिरमिटाच्या पात्याला कॉलर होती, नऊ मिलिमीटरवर अडवणारी, म्हणजे ते तळातून आरपार जाणार नाही. पहिलं भोक पडलं. पांढरा भुसा पात्याभोवती गोल उठला, मग थोडा लाकडी, पिवळट. दुसरं. तिसरं. प्रत्येक भोकाला कॉलर टेकली की आवाज बदलायचा. तिने मोजलं, एका भोकाला चार सेकंद. चौथं. बार्बांनी भुसा फुंकला, दुसरी स्की आवळली. पाचवं, सहावं. तिला वाटलं, आपण सातव्याला बोलू. सातवं, आठवं.

बार्बांनी टाचेकडचा साचा लावला आणि पात्याचं टोक खुणेवर टेकवलं.

"बार्बा," सेरैना म्हणाली, "तो तीनशे पाच आहे."

पातं थांबलं. बार्बांनी पट्टीकडे पाहिलं, तुळईकडे पाहिलं. गिरमिट खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना. शेवटी ते हातातच राहिलं.

"पंचेचाळीस वर्षांत कधी..." ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "तू इथेच बसली होतीस. बघत होतीस."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग तोंडात काय दही होतं का? बोलली का नाहीस, पोरी?"

"माहीत नाही."

तिला खरंच माहीत नव्हतं. बार्बा शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. सेरैना उठली, शेगडीवरची किटली उचलून त्यांना कपभर चहा ओतला, आणि उरलेल्या भुशातून एक चिमूट बोटांवर घेऊन पाहिली. हलका होता. वजन करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बुजवतो," थोड्या वेळाने बार्बा म्हणाले. "आठही. डिंक भरतो, रात्रभर वाळू देतो, उद्या मागे सरकवून नवी पाडतो. तुझा फरक सव्वीसचा. पुढचं तेरा मागे, मागचं तेरा पुढे."

"नको. पुढचं आहे तिथे राहू द्या. टाच सगळी सव्वीस पुढे घ्या."

"मग तू मधल्या खुणेच्या तेरा मिलिमीटर पुढे उभी राहशील."

"भुसभुशीत बर्फात टोकं बुडतील. पण आपण वसंतात जातोय. दोन बोटं मऊ आणि खाली कडक. त्यात तेरा मिलिमीटर चालतात."

"वेळेत उतरलीस तर."

"वेळेत उतरायलाच घेतेय."

बार्बांनी नाक पुसलं. "त्याचा चवडा आणि तुझी टाच," ते म्हणाले. "असलं काम माझ्या हातून कुणी पाहिलं तर दुकान बंद करावं लागेल." आणि या वेळी तुळईकडे बघून, पट्टी दोनदा तपासून, त्यांनी टाचेची भोकं पाडली आणि बाइंडिंग बसवलं.

संध्याकाळी सेरैनाने स्की स्वयंपाकघरात भिंतीला टेकवली. आई जवाचं सूप ढवळत होती. तिने मान वळवून पाहिलं, डाव थांबला.

"पाडलीस भोकं."

"हो."

आईने शेगडी बारीक केली. ओसरीत जाऊन ती कुर्दिनचे बूट घेऊन आली. जानेवारीपासून ते तिथेच, बक्कलं सोडलेले, उभे होते. तिने स्की जमिनीवर आडवी ठेवली, गुडघे टेकून बसली आणि एक बूट बाइंडिंगच्या पुढच्या दोन पिनांवर दाबला. खट्ट आवाज झाला. चवडा बसला, त्या पिना कुठलाही बूट धरतात. मग तिने टाच खाली दाबली. टाच मागच्या लोखंडावर चढून बसली, आत गेली नाही. आईने पुन्हा दाबली, या वेळी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून.

"नाही बसत," ती म्हणाली.

"नाही."

"तुझा आण."

सेरैनाने आपला बूट आणला. आईने तो पिनांवर ठेवला. खट्ट. टाच दाबली. खट्ट. आई बराच वेळ बुटावर हात ठेवून बसली. सूप तळाला लागल्याचा वास आला, तेव्हा उठली. कुर्दिनचे बूट तिने परत ओसरीत नेले नाहीत, जिन्याखालच्या कपाटात ठेवले.

"शनिवारी किती वाजता?" तिने पाठमोरीच विचारलं.

"साडेपाचला निघायचं."

"अक्रोडाची वडी बांधून देते. सहा जणांना पुरेल एवढी."

"मी धरून सात."

"सात," आई म्हणाली.

शनिवारी पहाट फटफटताना ती सात माणसं शेवटच्या गोठ्यापासून वर लागली. बर्फ कडक होता. स्कीखाली चिकटवलेली चढाईची कातडी खरखर आवाज करत होती. सेरैना पुढे, मागच्या सहांत ब्राइदाही. हवा उणे चार. तिने वेळ पाहिली, उंची पाहिली: तासाला चारशे दहा मीटर. या वेगाने नऊ वाजता खिंड. ठीक होतं. बाकी काही वाटत नव्हतं. पाय चालत होते.

चढ तीव्र झाला तिथे पहिलं वळण आलं. अशा ठिकाणी एका पायावर उभं राहून दुसरी स्की हवेत पूर्ण फिरवावी लागते, जुन्या जोडीचं टोक दर वेळी बर्फात अडायचं आणि कुर्दिन वरून ओरडायचा, "टाच झटक!" सेरैनाने पाय उचलला, झटका देण्यासाठी घोटा आवळला. पण स्कीचं टोक आधीच आपोआप वर आलं होतं. नडगीला हलकेच टेकलं.

ती एका पायावर तशीच उभी राहिली. असं का, ते तिला लगेच कळलं: चढताना टाच मोकळी असते, स्की नुसत्या चवड्याला लटकते, आणि ती तेरा मिलिमीटर पुढे उभी होती, म्हणजे मागची बाजू तेवढी जास्त लांब, जास्त जड. शेपूट खाली, टोक वर. साधा तराजू. कुणी ओरडायची गरज नव्हती.

"काय गं, पाय गोठला का हवेत?" खालून ब्राइदा ओरडली. "आमची बस अशी मधेच थांबली तर लोक तक्रार करतात!"

"झटकावं लागत नाही," सेरैना म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"काय?"

"काही नाही. चला."

तिने स्की फिरवून खाली ठेवली, दुसरी तिच्या शेजारी आणली आणि घड्याळ पाहिलं. सहा वाजून बावन्न मिनिटं. पुढचं वळण साठ पावलांवर होतं. ती पावलं मोजत निघाली.