नववा सोडून बाकीचे वीस

फडक्यात बांधलेल्या तीन भाकरी.

'मागच्या दोन आठवड्यांत तुम्हाला कसं वाटलं?'

बाकाखाली कुणाची तरी एकच चप्पल.

अकरावीचं कॉलेज, जूनपासून जाणं बंद.

एकवीस प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन आकडे. खरं असेल त्याला गोल करायचा.

हा कागद कौसल्याच्या मांडीवर होता. साल अठ्ठ्याण्णव, जालन्यातल्या मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना. स्वतःच भरायचा, कुणाला विचारायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं होतं. शेजारी आई, गिरिजाबाई, केदारखेड्याहून पहिल्या बसनं लेकीला घेऊन आलेली. तिला वाचता येत नव्हतं. तेवढ्याच आधारावर कौसल्या तिच्या डोळ्यांदेखत खरं लिहीत सुटली. भूक, दोन. झोप, तीन. रडू येईनासं झालं होतं, त्यालाही तीन.

नवव्यापाशी हात थांबला. जगू नये असं वाटतं का? तो सोडून तिनं पुढचे भराभर उरकले.

मग नको तेच झालं. कुठलाही फॉर्म देण्याआधी शिकलेल्या माणसाला दाखवायची गावची रीत. गिरिजाबाईनं कागद घेतला आणि समोरच्या बाकावर सुनेसोबत बसलेल्या, ओळखीच्या जुगलकिशोर शेटजींपुढे धरला. चुकलंमाकलं बघा म्हणाली, वापस आला तर पुन्हा खेटा पडंल.

शेटजींचं बोट ओळीओळीनं खाली उतरू लागलं. नवव्यावर थांबलं. आता मोठ्यानं वाचणार. आता वाचणार.

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि तिच्याच हातात दिली.

"बाकी बराबर आहे. एक राहून गेलाय, बेटा."

"कायचा?" गिरिजाबाईनं विचारलं.

"तिला माहीत आहे," म्हणत शेटजी सुनेकडे वळले.

"भर की मंग. अर्धा कागद कुठं घेत्यात?"

"काय भरू, माय?"

गिरिजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "असंल ते भर, कौसे. डॉक्टरला फसवाया आलो का आपुन?"

कौसल्यानं दोनावर गोल केला, खोडला, तीनावर केला. खोडलेलं चालतं का, हे विचारायला ती उठली. नर्सबाईनं कागदावर नजर टाकली आणि नंबर नसताना तिला थेट आत नेलं. आईला बाहेरच थांबायला सांगितलं.

कापसावर फवारायचं औषध गिरिजाबाईनं घरातून उचलून शेजारच्या चतुराबाईकडे ठेवलं होतं, ते चौदा ऑगस्टला. दवाखान्यात मायलेकी आल्या सत्तावीसला.