पाच नंबर पिशवीबाहेर

अकोल्याच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा अंगणात तूर वाळत होती आणि पंजाबराव खुर्चीत बसून चपलेनं कोंबड्या हाकलत होता. मणका जुळला, आता खेळायला हरकत नाही, फक्त काठ्या हलक्या घ्या, असं डॉक्टर म्हणाले. "हो, हो," म्हणत त्यानं फोन ठेवला आणि सवयीनं घराकडे तोंड करून हाक मारायला गेला. घरात कोणी नव्हतं. भागिरथा, त्याची बायको, दिवाळीआधीच वारली होती.

मी हे कोपऱ्यातून पाहिलं. मी गोल्फची काठी आहे, पाच नंबरची, पोलादी दांड्याची. काठी म्हणवून घ्यायची मला लाज वाटते, पण या मेडशी गावात मला दुसरं नाव कोणी दिलं नाही.

माझं तारुण्य छावणीच्या हिरव्या मैदानावर गेलं. पंजाबराव फौजेत सुभेदार होता. निवृत्त होताना एका साहेबानं आमची जुनी पिशवी त्याला दिली आणि मी सोयाबीनच्या धसकटांत येऊन पडले. कापणी झालेल्या वावरात त्यानं चेंडू पाडायला डालड्याचे डबे पुरले आणि त्यालाच मैदान म्हणू लागला. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाणारा शेजारी रामधन रोज थांबे.

"काय पंजाबभाऊ, कोंबडीनं वावरात अंडं टाकलं का?"

"जा न बाप्पा, आपलं काम पाय."

"एक अंडं फोडाले एवढ्या काठ्या कायले लागतात?"

असल्या माणसांत माझं आयुष्य गेलं. भागिरथाबद्दलही माझं मत बरं नव्हतं. तिनं माझ्या टोकानं चिंचा पाडल्या, माकडं हाकलली, एकदा तर तुंबलेली मोरी मोकळी केली.

माणसांची खरी पारख पंजाबरावाच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर झाली. अख्खं गाव त्या खुर्चीपाशी चहा पिऊन गेलं. "कंबर काय म्हनते?" चहा करणाऱ्या भागिरथाची छाती दुखायची. पदरानं घाम टिपून ती पुन्हा चुलीशी जायची. मला कोपऱ्यातून दिसायचं, ते खुर्चीतून दिसू नये? माणसं दुखण्यालाही रांग लावतात. तिचा नंबर आलाच नाही.

फोननंतर मुलीनं पुण्याहून नव्या काठ्या धाडल्या. वाशीमपर्यंत आल्या, तिथून एस.टी.नं. दांडे कसल्याशा काळ्या धाग्यांचे, डोकी वांग्यासारखी फुगलेली. पंजाबरावानं एक हलवून पाहिली.

"झाडनीच्या काड्या पाठवल्या पोरीनं."

मला फार बरं वाटलं. पिशवीत माझी जागा राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो एका फटक्यात सुटणार होता.

वावरात त्यानं मलाच उचललं. पाय रोवले, अर्धा झोका घेतला आणि मी त्याच्या मुठीतून निसटून लांब धसकटांत जाऊन पडले. तोल सावरताना त्याच्या कंबरेत चमक भरली.

"कोन्या गाढवानं तेल लावलं इले?"

रामधननं मला उचलून आणलं. या वेळी तो हसला नाही.

"वहिनीनं. तुमी दवाखान्यात होते तवा. पावड्याच्या दांड्याले लावते, तसं साऱ्यायले लावलं. मी म्हटलं, कायले? तं म्हने, घरी आले का खेळतीन, हाताले फोड नाई आले पाह्यजे."

माझ्या मुठीच्या रबराला तेल चोपडणारी बाई! मी मनात तिला अडाणी म्हटलं. तोच शब्द त्याच्या तोंडून येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही.

घरी येऊन त्यानं बादलीत गरम पाणी काढलं, साबण घेतला, मला मांडीवर आडवं केलं. रबर धुतलं की मी त्याच्या हातात टिकले असते. हे फौजेत शिकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो माझ्या मुठीवरून अंगठा फिरवत बसला. पाणी निवलं.

आता सकाळी तो त्या झाडणीच्या काड्या घेऊन वावरात जातो. चेंडू चांगला लांब जातो, हेही सांगायला हवं. मी पिशवीबाहेर आहे, दाराआड. माझी मूठ धुवायची राहिली आहे.