शास्त्राप्रमाणे मुंज

प्रमोदिनीला नाशकात मुलींच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली आणि कल्याणात तिच्या नवऱ्याला, त्र्यंबकला, एकाएकी आपण बाप असल्याची आठवण झाली. चार वर्षांपूर्वी त्यानं तिला दोन पोरांसकट डोंबिवलीला तिच्या भावाच्या, सुधीरच्या, दारात आणून टाकलं होतं. त्यानंतर पोरांना गोवर आला, कांजिण्या आल्या. बाप काही आला नाही. आता निरोप आला की मुलगा नाशकाला जाणार नाही.

ज्ञातीची शहाणी माणसं त्यांचे म्होरके दामूअण्णा यांच्या ओटीवर जमली. बायको टाकली तेव्हा यांतल्या एकालाही ओटीवर बसायला सवड झाली नव्हती. प्रमोदिनी दाराशी उभी राहिली. बस, असं तिला कोणी म्हणालं नाही.

"आनंदला आठवं लागलं," दामूअण्णा म्हणाले. "बापाच्या घरी मुंज होईपर्यंत मुलगा हलायचा नाही."

"आणि सरोज?"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. सरोज नावाचं कोणी आहे हे बहुतेक आत्ताच कळत होतं.

"मुलीला खुशाल ने," त्र्यंबक म्हणाला. निम्मं पितृप्रेम तिथंच आटपलं. "मुंजीचं पुढच्या वर्षी बघू. यंदा मुहूर्त नाहीत."

प्रमोदिनीला जूनमध्ये हजर व्हायचं होतं. पुढच्या वर्षीपर्यंत शाळा थोडीच थांबणार?

"खर्च सुधीरदादा करील," ती म्हणाली.

दामूअण्णांनी पंचांग मागवलं. वैशाखात मुहूर्त निघाला, तोही उत्तम.

"पण सगळं शास्त्राप्रमाणे व्हायला हवं हं, अण्णा."

"एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. माझा शब्द आहे."

मुंजीच्या दिवशी मातृभोजन झालं. आईच्या पानात लेक शेवटचा जेवला, बायकांनी पदरानं डोळे पुसले. मग त्र्यंबक मुलाच्या कानात मंत्र सांगायला बसला आणि दुसऱ्या ओळीलाच अडला. भटजींनी पुढचं सांगितलं, तेव्हा कुठं ते पोराच्या कानी पडलं. भिक्षावळ झाली. प्रमोदिनीनं कोपऱ्यातली ट्रंक ओढली.

"भटजी, आता बटूनं बापाचं घर सोडून विद्येला जायचं ना?"

"शास्त्र तसंच आहे," भटजी दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले.

"चल रे आनंद. सरोज, चपला घाल."

"अगं, ते नुसतं म्हणायचं असतं," दामूअण्णा उठले. "खरंच कोण जातं?"

"एक अक्षर इकडचं तिकडं नाही म्हणालात, अण्णा. साऱ्यांसमोर."

अण्णा पागोटं सारखं करू लागले.

"आणि गुरू कोण?" त्र्यंबक कडाडला. "मंत्र मी दिलाय."

"मंत्र भटजींनी दिला, तुम्ही मध्ये बसला होतात. शिकवायची मी. त्याची परीक्षा पास झालेय."

मागं बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. आनंदनं लंगोटीवरच सदरा चढवला आणि दंड खांद्यावर टाकला. दुसऱ्या टोकाला सरोजनं आपलं बोचकं अडकवलं.

"मला मुलगा भेटायचा कधी?"

"बटूनं भिक्षेला दारोदार फिरायचं असतं. येईल एखाद दिवस तुमच्याही दारी," प्रमोदिनी म्हणाली. "ओळखलंत तर वाढा."

टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला. त्र्यंबक पायरीपर्यंत धावला. एवढ्यात आतून कोणीतरी हाक दिली, पानं वाढलीत, जिलब्या निवतायत.

तो आत जाऊन पंगतीला बसला.